ढोर यवतमाळचं, मढं नांदेडचं, आणि मदत कोणाचीच नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्याच्या दावणीला एक तरी ढोर आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी. ज्याच्याकडे मोठा फोन नाही त्याला शेजाऱ्याने वाचून दाखवावी.

७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात पिकाचं होतं, खरडून गेलेल्या जमिनीचं होतं, गाळाने बुजलेल्या विहिरीचं होतं आणि जनावरांचंही होतं. मेलेल्या दुधाळ जनावरामागे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावरामागे ३२,०००, कोंबडीमागे १००. शिवाय एका कुटुंबाला तीनच मोठ्या जनावरांची मदत, ही जुनी मर्यादा त्या पॅकेजपुरती काढून टाकली. चांगलं केलं. ज्याच्या कोठ्यातल्या आठ म्हशी एका रात्रीत गेल्या, त्याला "तुझ्या तीनच गेल्या" असं सांगणारा नियम पहिल्या दिवसापासून चुकीचा होता.

आकडे टीव्हीवर दिसले, व्हॉट्सॲपवर फिरले. त्यानंतर मला जे फोन आले, बसस्टँडवर आणि बाजारात जी माणसं भेटली, त्यांच्यापैकी कोणी "रक्कम कमी आहे" यावर बोललंच नाही. बहुतेकांचं म्हणणं वेगळंच होतं. "भाऊ, आमचं ढोर मेलं हे सरकार मानतच नाही."

म्हणून आज दरावर आधी बोलत नाही. दराचं पुढे येईलच. आधी हे पाहू की जनावर कागदावर मरतं कसं. प्रत्यक्षात मरायला त्याला एक रात्र पुरते. कागदावर मरायला फार सोपस्कार लागतात, आणि त्या सोपस्कारांत नदीकाठचा, तांड्यावरचा आणि बिगरशेतीचा माणूस बरोबर गळून पडतो.

मढं दाखवा

फाईल पूर्ण व्हायला प्रत्यक्षात काय काय मागतात ते मोजा. जनावराचं मढं. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी केलेलं शवविच्छेदन. तलाठ्याचा पंचनामा (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण खुर्ची तीच). पंचांच्या सह्या. फोटो. कानातल्या टॅगचा नंबर. आधार, पासबुक. मग तहसील, मग यादी, मग विशिष्ट क्रमांक, मग ई-केवायसी आणि मग कधीतरी खात्यावर पैसे.

वीज पडून बैल गेला तर हे एकवेळ जमतं. झाडाखाली मढं पडलेलं असतं, गाव गोळा झालेलं असतं, डॉक्टर दुसऱ्या दिवशी का होईना येतात. वीज पडणं आपल्या राज्याने राज्य आपत्तीत धरलेलं आहे, त्यामुळे तिथे वाद नाही.

पण पुरात काय?

आपल्याकडे पैनगंगा ही नुसती नदी नाही, ती जिल्ह्याची हद्द आहे. अलीकडे आपला उमरखेड तालुका, पलीकडे हिमायतनगर आणि हदगाव, म्हणजे नांदेड जिल्हा. वरती इसापूरचे दरवाजे उघडले आणि त्याच वेळी आभाळही कोसळत असलं की सावळेश्वर, गांजेगावकडच्या काठाला काय होतं हे ढाणकीच्या माणसाला सांगायची गरज नाही. पाणी रात्री येतं. माणूस लेकरं घेऊन उंचावर पळतो. दावणीचं ढोर तिथेच राहतं. सोडलं तर वाहून जाणार, नाही सोडलं तर खुंट्यालाच बुडणार.

वाहून गेलेलं मढं सापडलंच, तर बहुतेक वेळा खाली कुठेतरी, बाभळीत अडकलेलं, आणि पुष्कळदा पलीकडच्या काठाला. आता पंचनामा कोणी करायचा? आपला तलाठी जिल्ह्याची हद्द ओलांडून करत नाही. तिकडचा म्हणतो, मालक आमच्या गावचा नाही. म्हणजे ढोर यवतमाळचं, मढं नांदेडचं. आणि मालक पुलावर उभा राहून दोन्ही जिल्ह्यांकडे पाहत असतो. तोही पाणी ओसरून पूल मोकळा झाल्यावर.

पाण्याचा जोर किती असतो हे आपण विसरलो का? २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरून एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. २२ जुलै २०२३ ला शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर पाण्यात अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळला माणसंही गेली आणि गोठ्यातल्या म्हशीही. बस जिथे तग धरत नाही तिथे म्हैस जागेवर सापडावी, आणि तीही कानातल्या टॅगसकट, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने एकदा पूर बघून यावा.

नदीकाठच्या एका बाईंचं सांगतो. नाव देत नाही, कार्यालयाचंही देत नाही, कारण त्यांचं काम अजून तिथेच अडकलंय. दोन म्हशी गेल्या. एक सापडलीच नाही. दुसरी चार दिवसांनी सापडली तेव्हा वासाने कोणी जवळ जाईना. गावाने रोगराईच्या भीतीने त्याच दिवशी खड्डा करून पुरली. गावाने बरोबरच केलं, आरोग्य खातंही हेच सांगतं की मढं ताबडतोब पुरा. पंधरा दिवसांनी बाई विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, शवविच्छेदन कुठे आहे? एक खातं म्हणतं पुरा, दुसरं म्हणतं दाखवा. बाईंच्या दोन म्हशी गेल्या, कागदावर एकही नाही.

कानातला पिवळा टॅग

आता मुद्द्याचं बोलतो.

१ जून २०२४ पासून आपल्या राज्यात नियम आहे की कानात टॅग नसेल तर जनावर विकता येणार नाही, बाजारात नेता येणार नाही, सरकारी दवाखान्यात उपचार मिळणार नाहीत. आणि नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात ते मेलं, तर टॅगशिवाय नुकसानभरपाईही मिळणार नाही.

टॅग म्हणजे बारा आकडी नंबर. भारत पशुधन नावाच्या प्रणालीत तो नंबर टाकला की मालकाचं नाव, गाव, जनावराची जात, वय, लस कधी टोचली, हे सगळं निघतं. चांगली व्यवस्था आहे. मी टॅगच्या विरोधात नाही. चोरी कमी होते, रोगाचा माग लागतो. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गावोगावी लसीकरण झालं, आणि मेलेल्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून दिले. मनात आणलं तर हेच खातं दारापर्यंत येतं, हे तेव्हा आपण पाहिलं.

पण आज या टॅगचा उपयोग एकाच बाजूने होतोय. टॅग नसेल तर सरकार म्हणतं, पुरावा नाही, मदत नाही. ठीक. मग टॅग असेल, सरकारच्याच संगणकात सरकारच्याच माणसाने भरलेली नोंद असेल की अमक्या गावच्या अमक्याकडे अमक्या नंबरची म्हैस आहे, आणि त्या रात्री त्या गावात पूर आला हे सरकारच्याच पर्जन्यमापकाने सांगितलं असेल, तर तीच नोंद पुरावा का होत नाही? तेव्हा का म्हणता, मढं दाखवा?

टॅग पुरावा असेल तर तो दोन्ही बाजूंनी पुरावा असला पाहिजे. नाकारताना चालतो आणि देताना चालत नाही, हा कुठला न्याय? कुलूप लावायला चालणारी किल्ली कुलूप उघडायलाही चालली पाहिजे. या पोस्टमध्ये मला सांगायचं ते एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या भोवती आहे.

आणि ज्यांच्या ढोराला टॅगच नाही त्यांचं काय? टॅग मारणं मालकाची जबाबदारी, असं सांगून खातं मोकळं होतं. मान्य, मालकाचीही आहे. पण टॅग काही किराणा दुकानात मिळत नाही. तो मारायला खात्याचाच माणूस लागतो. बंदी भागातल्या गावांत, तांड्यांवर, कोलामांच्या पोडावर तो वर्षातून किती वेळा पोहोचतो हे तिथल्या लोकांनीच कमेंटमध्ये लिहावं. शिवाय आपली ढोरं जंगलात चरतात. काट्याकुट्यात टॅग निघतो, कान फाटतो. संध्याकाळी ढोर घरी येतं, टॅग पळसाच्या झुडपात राहतो. हे फसवणूक करणाऱ्याचं लक्षण नाही, चरणाऱ्या ढोराचं आहे.

लोक खोटं सांगतील ना?

हा प्रश्न साहेब लोक विचारतात, आणि प्रश्न खोटा नाही. उद्या कोणीही उठून म्हणेल, माझ्या चार म्हशी वाहून गेल्या. विकलेली म्हैस वाहून गेलेली दाखवणारेही निघतील. आपल्यात नाहीत असं म्हणून डोळे झाकायचं कारण नाही.

पण याचं उत्तरही त्या टॅगमध्येच आहे. टॅगशिवाय विक्री नाही, हा तुमचाच नियम ना? मग ज्या नंबरची मदत दिली तो नंबर प्रणालीत 'मृत' म्हणून बंद करा. ती म्हैस पुढे कोणत्याही बाजारात उभी राहिली की नंबर बोलेल. मालकाकडून लिहून घ्या की खोटं निघालं तर व्याजासकट वसूल करा आणि गुन्हा दाखल करा. गावात यादीचं जाहीर वाचन करा. गावात कोणाच्या घरी किती ढोरं होती हे गुराख्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. भर सभेत खोटी म्हैस सांगायला छाती लागते.

एका लबाडाला पकडता येत नाही म्हणून नऊ खऱ्यांना उपाशी ठेवायचं, ही पद्धत सोपी आहे. पण ती खऱ्या माणसाला लबाड शिकवते. मढं नाही म्हणून तो दुसऱ्याच्या मढ्याचा फोटो शोधू लागतो. त्या वाटेला त्याला कोणी लावलं?

आता दराचं

केंद्राच्या आपत्ती निधीचे जे निकष २०२२-२३ ते २०२५-२६ साठी आहेत, त्यात गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत. बैलजोडी आज लाखाच्या आत कोणी देतं का विचारा. चार हजारांत पाठ येईल, पिलं देणारी बकरी येत नाही.

आता तुलना करा. पैनगंगा अभयारण्याच्या काठावर आपण राहतो, म्हणून ही तुलना आपल्यालाच सुचणार. वाघ-बिबट्याने गाय, म्हैस किंवा बैल मारला तर वन विभागाच्या २०२२ च्या दरानुसार बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. शेळी-मेंढीला याच हिशेबाने १५,००० पर्यंत. म्हणजे त्याच गावात, त्याच मालकाची, त्याच वयाची बकरी बिबट्याने नेली तर पंधरा हजारांपर्यंत आणि पैनगंगेने नेली तर चार हजार. गरिबाने काय करावं, पूर येताना दिसला की ढोरं जंगलात सोडावी?

वन विभागाला बाजारभाव कळतो, महसूल विभागाला कळत नाही, असं तर नाही ना?

निकषातले आणखी दोन शब्द सांगतो. मदत मिळते ती "आर्थिकदृष्ट्या उत्पादक" जनावरांची. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. त्या कायद्यावर कोणाचं काय मत आहे ते बाजूला ठेवा. त्याचा अर्थ इतकाच की म्हातारा बैल शेतकऱ्याने मरेपर्यंत पोसायचा. कडबा त्याचा, पाणी त्याचं, मेहनत त्याची. सरकार म्हणतं पोस. आणि तोच बैल पुरात गेला की निकष विचारतात, उत्पादक होता का?

दुसरं, गोठ्याचं. पडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये आहेत, पण निकषात गोठा "घराला लागून" असलेला पाहिजे. आपल्याकडे कोठे वावरात असतात. घर गावात, कोठा वावरात, नाल्याकाठी, जिथे पाणी पहिल्यांदा शिरतं. ज्याने निकष लिहिला त्याने विदर्भातलं वावर पाहिलेलं नसावं.

आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचं तर बोलायलाच नको. फार्मर आयडी असलेल्या शेतकऱ्याला ई-केवायसीची सवलत मिळाली, ते चांगलं झालं. पण फार्मर आयडी जमिनीला जोडलेला आहे. पंचवीस बकऱ्यांवर घर चालवणारी विधवा, मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, तांड्यावरचा दोन गाई राखणारा माणूस यांच्याकडे तो कुठून येणार? जुलै २०२५ मध्ये याच सरकारने पशुपालनाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. तेव्हा फटाके वाजले. बरोबरीचा दर्जा जिवंत ढोरापुरताच आहे की मेलेल्यालाही लागू आहे, एवढं कोणीतरी स्पष्ट करावं.

हे आजच का लिहितोय

कारण हे निकष ३१ मार्च २०२६ ला संपतात. १ एप्रिलपासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ सुरू होतो. नवीन निकष म्हणजे पुढच्या कितीतरी पावसाळ्यांचं नशीब. आपले आमदार, खासदार, शेतकरी संघटनावाले, सगळे हेक्टरी मदतीवर बोलतात. बोललंच पाहिजे. पण सोयाबीन पुन्हा चार महिन्यांत येतं, गोऱ्ह्याचा बैल व्हायला तीन-चार वर्षं लागतात. पीक गेलं की हंगाम जातो. बैलजोडी गेली की पुढचा हंगाम पेरायची सोयही जाते. पोळ्याला ज्याच्या दारात बैल नसतो तो माणूस त्या दिवशी घराबाहेर निघत नाही, हे आपण पाहिलेलं आहे.

म्हणून मागण्या सरळ लिहितो. ज्यांना पटतील त्यांनी निवेदनात जशाच्या तशा उचलाव्या, माझं नाव टाकायची गरज नाही.

१) पूर आलेल्या गावात टॅगची नोंद असलेलं जनावर बेपत्ता असेल, तर मढं नसलं तरी टॅगची नोंद, मालकाचं हमीपत्र आणि पंचांचा जबाब यावर ते मृत धरावं.

२) मढं दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं तर तिथल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला इथल्या तहसीलमध्ये चालला पाहिजे. नदीने हद्द पाळावी अशी अपेक्षा ठेवू नये.

३) रोगराईमुळे मढं लगेच पुरावं लागलं तर ग्रामपंचायतीचा दाखला आणि फोटो शवविच्छेदनाच्या जागी धरावा.

४) मृग लागायच्या आत प्रत्येक गावात, तांड्यावर, पोडावर टॅगिंगचं शिबिर घ्यावं, तारीख आधी दवंडी देऊन कळवावी. शिबिर झालंच नाही अशा गावात टॅगची अट लावू नये.

५) शेळी-मेंढीचा आणि मोठ्या जनावरांचा दर निदान वन विभागाच्या बरोबरीने आणावा. तीन जनावरांची मर्यादा एका पॅकेजपुरती नाही, कायमची काढावी. वावरातला कोठाही गोठाच समजावा.

६) कोणाचं जनावर, पंचनामा कधी, मंजुरी कधी, पैसे कधी जमा, ही यादी ग्रामपंचायतीच्या आणि नगरपंचायतीच्या फलकावर लावावी. नाकारलेल्याचं कारणही लिहावं.

यातल्या पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या मागणीला फारसा पैसा लागत नाही. फक्त सही लागते.

तोपर्यंत आपण काय करायचं

सरकार करेल तेव्हा करेल. पावसाळा थांबणार नाही. म्हणून एवढं करा.

प्रत्येक ढोराचा उजेडात फोटो काढा, एक पूर्ण अंगाचा आणि एक कानातल्या टॅगचा, आकडे वाचता येतील असा. मालक शेजारी उभा असलेला चांगला. तो फोटो आपल्या फोनमध्येच ठेवू नका, सोयऱ्याला, मुलाला पाठवून ठेवा, कारण पुरात फोनही जातो. नंबर घराच्या भिंतीवर किंवा वहीत लिहून ठेवा. टॅग पडला असेल तर आत्ताच दवाखान्यात जाऊन नवीन मारून घ्या, पावसाळ्याची वाट पाहू नका. टॅग नवऱ्याच्या नावावर आणि बँक खातं बायकोचं, असा घोळ असेल तर आत्ताच दुरुस्त करा.

जनावर गेलं तर त्याच दिवशी कळवा, आणि नुसतं तोंडी नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. पोच देत नाहीत तर व्हॉट्सॲपवर तलाठी आणि डॉक्टर दोघांनाही फोटोसकट पाठवा, तारीख आपोआप राहते. पंचनाम्यावर अंगठा द्यायच्या आधी तो वाचून घ्या. तीन ढोरं गेली आणि लिहिलं एक, असं नंतर कळून उपयोग नसतो. पंचनाम्याची नक्कल मागा. महिनाभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे या. बाजाराच्या दिवशी मी बसस्टँडच्या आसपासच असतो, एक पैसा लागणार नाही.

आणि ज्यांचं २०२५ च्या पावसाळ्यातलं प्रकरण "मढं नाही", "टॅग नाही" किंवा "हद्द आमची नाही" म्हणून अडकलंय, त्यांनी गावाचं नाव, जनावर कोणतं आणि तारीख एवढंच मला निरोपात पाठवा. आधार नंबर, खाते नंबर कोणीही कमेंटमध्ये टाकू नका. मी यादी करतोय. यादी तयार झाली की ती तहसीलला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला देणार, पोच घेणार आणि पोचेचा फोटो इथेच टाकणार. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, दोनशे नावांची यादी तितक्या सहज जात नाही.

शेअर करा. नदीकाठच्या माणसापर्यंत पोहोचवा, दोन्ही काठांवरच्या.